आंजर्ल्यात अवकाळीत अडकलोय: पक्षी बघायचे की बॅगा भरायच्या?

कवडीपाटकर | शनिवार, दुपारी १२.१०

मंडळी, आंजर्ल्याहून लिहितोय. रात्रीपासून वीज नाही. फोनला रेंजची दांडी आली की पाठवतोय, तेव्हा उत्तरं उशिरा वाचली तर रागावू नका.

बायको पक्षीवेडी आहे. हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारे चिखल्ये-तुतवार एकजात मातकट दिसतात, पण उत्तरेला परत जायच्या आधी, एप्रिल सरता सरता, ते विणीच्या रंगात येतात. कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल, सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी पट्टा, टर्नस्टोनच्या पाठीवर तांबूस-काळी नक्षी. हे एकदा डोळे भरून बघायचं म्हणून सुट्टी काढली. आंजर्ले, केळशी, वेळास, मग वेसवीला फेरीबोटीत गाडी घालून बागमांडला, पुढे दिवेआगर आणि शेवटी अक्षी असा बेत. सोबत आई आहे. तिला पक्ष्यांशी देणंघेणं नाही, ती आंब्यांसाठी आली आहे.

काल संध्याकाळी ढग दाटले आणि रात्री जे वादळ सुटलं ते अजून पुरतं गेलेलं नाही. यलो अलर्टचा ऑरेंज झाला. आज नाश्ता करून अकराच्या सुमारास जरा उघडीप मिळाली म्हणून किनाऱ्यावर गेलो, तर पाणी पार लांब आणि पक्षी म्हणजे नुसते ठिपके. तेवढ्यात पुन्हा सर आली. दुर्बिणीच्या आत वाफ धरली आहे. पुढच्या मुक्कामाचे मालक म्हणतात, आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.

थांबावं की पुण्याला परतावं? आणि अशा हवेत पक्षी जातात तरी कुठे?

बोकोबा | १२.१८

भजी.

पुढचा प्रश्न?

सुगरण | १२.२५

भजी पुण्यातही मिळतात. तिथल्या काकूंना कुळथाची पिठी करायला सांगा, गरम भातावर तूप आणि भाजलेला पापड. पक्षी संध्याकाळी बघा.

तुतारी | १२.५०

परतू नका. पण नाश्ता करून पक्षी बघायला जाणं बंद करा. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालतं, तुमच्या पोह्यांवर नाही.

ओहोटीला हे पक्षी दूरवर पसरून चिखलात खात असतात. पाणी चढू लागलं की तेच पाणी त्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं आणि पूर्ण भरतीला सगळे एका कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने उभे राहतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जाऊन एका जागी बसायचं. चालायचं नाही. पक्षी आपण होऊन जवळ येतात.

वेळ काढायला ॲप नको. तिथीची पाऊणपट करा. आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसाताच्या आसपास पूर्ण भरती, मधे दीडच्या सुमाराला ओहोटी. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण कोकणातल्या कितीतरी पिढ्यांचं यावर भागलं आहे. आज पाच वाजता छत्री घेऊन बसा.

कवडीपाटकर | दुपारी १.०५

आईला हे गणित पाठ होतं! तिचं माहेर गुहागरकडचं. म्हटलं, आधी का नाही सांगितलंस, तर म्हणते, मला कुणी विचारलंच नाही.

बोकोबा | १.०७

या धाग्यावरची सर्वांत जाणकार व्यक्ती सापडली. आयडी काढून द्या त्यांना.

वातकुक्कुट | १.३०

हवेचं थोडं मी सांगतो. कमी दाबाचा पट्टा समुद्रात आहे, म्हणजे तुमच्या पश्चिमेला. आपल्या गोलार्धात वारे कमी दाबाभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, त्यामुळे किनाऱ्यावर सध्या दक्षिण-आग्नेयेकडून वारा आहे. एरवी एप्रिलमध्ये दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोरात येतो. उत्तरेला जाणाऱ्या पक्ष्याच्या तो थेट तोंडावर. आत्ताचा वारा पाठीमागून आहे. तेव्हा या हवेत पक्षी जातात कुठे याचं एक उत्तर असं की काही जण संधी साधून निघूनही जातात!

बाकी 'अनपेक्षित' म्हणायचे दिवस राहिले नाहीत. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, तरी जाता जाता झोडपून गेलं. आणि २०२५ मध्ये २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे कमी दाबाचं क्षेत्र किनारा ओलांडून आलं, पाठोपाठ २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत. इतका लवकर तो मुंबईत आल्याची आधी नोंद नाही. एप्रिल-मेची सहल आखताना एखादा दिवस हवेच्या नावाने सोडून द्यायचा, हे आता धरूनच चाला.

आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घ्या. मोकळ्या पुळणीवर धातूचा ट्रायपॉड घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे त्या परिसरातली सर्वांत उंच वस्तू असते.

हापूसवाला | २.१०

सकाळपासून बागेत होतो, आत्ता फोन बघतोय. तुमचा धागा वाचून हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या मोहोराचा आंबा काढणीला आला होता. रात्रीच्या वाऱ्यात निम्मा खाली. जो झाडावर राहिला त्याच्यावर आता फळमाशी येणार आणि करपा येणार. खाली पडलेला कॅनिंगला घालायचा, पडेल त्या भावाला. काजूची बी वाळत होती ती भिजली. आणि इथे चर्चा काय, तर सँडपायपर लाल दिसेल का.

राग तुमच्यावर नाही. पण 'वादळात मजा येते' असं कुणी लिहिणार असेल तर जरा जपून लिहा.

मालवणी_खाजा | २.२०

आमच्या हंयसर पण रातीपासून वारो पिसाळलो आसा. माडाची झापां घरावर. तुमका पक्षी दिसले तर आमची कोंबडी खंय गेली ती पण बघा.

कवडीपाटकर | २.३५

हापूसवाला, तुमचं बरोबर आहे. इथले काकाही सकाळपासून ताडपत्र्या ओढतायत, मी मदतीला गेलो तर मला पायऱ्यांवरच थांबवलं, बहुतेक माझ्या चपला बघून. दोन पेट्या आईने काकांकडून घेतल्याच आहेत.

दर्यावर्दी | ३.००

हर्णैहून. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय. आमच्या होड्या रात्रीच आंजर्ल्याच्या खाडीत आणून लावल्यात, पुलावरून दिसतील. वेसवीची फेरी आज चालणार नाही हे धरून चाला, उद्याचंही सकाळी फोन करून विचारा. जायचंच झालं तर मंडणगडवरून म्हाप्रळ-आंबेत असं फिरून जावं लागेल.

पक्ष्यांचं मला पुस्तकी काही ठाऊक नाही. पण लाट मोठी असली की कुरव, म्हणजे तुमचे ते गल, उघड्या पुळणीवर टिकत नाहीत, खाडीत आत येतात. होड्या जिथे असतात तिथे तर येतातच. बारके चिखलातले पक्षी खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बसतात, बांधाच्या आडोशाला. किनाऱ्यावर भिजत बसण्यापेक्षा पुलाच्या बाजूने खाडीकडे बघा. गाडीतूनच दिसेल.

तुतारी | ३.१०

दर्यावर्दींनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. पुळणीला लाटा असतील तर खाडीच बघा. मी पुळण म्हणालो ते शांत हवेचं.

खारफुटी | ३.४०

'पक्षी जातात कुठे' याला तीन वेगळी उत्तरं आहेत, कारण पक्षी तीन तऱ्हेचे आहेत.

एक, किनाऱ्यावरचे पाणपक्षी. त्यांना पावसाचं विशेष नसतं, दाट ढग आणि समोरचा वारा यांचं असतं. निघायच्या आधी ते अक्षरशः चरबी साठवतात. लांबच्या पल्ल्याच्या काही जातींचं वजन तर दुपटीजवळ जातं. बार-टेल्ड गॉडविटच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंत साडेतेरा हजार किलोमीटर, न उतरता, अकरा दिवसांत कापले, ते याच शिदोरीवर. आपले कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या पार उत्तर टोकाला जातात, सँड प्लोव्हर तिबेट-मध्य आशियाच्या पठारांवर. हवा बिघडली की ते एकतर आधी सटकतात किंवा थांबून खात राहतात. थांबले तर तुमची चांदी.

दोन, जंगल-बागांतले प्रवासी. नवरंग, माशीमार, स्वर्गीय नर्तक. हे बहुतेक रात्री उडतात. वाटेत पाऊस लागला की जे झाड मिळेल तिथे उतरतात. म्हणून वादळानंतर सकाळी पुळणीवर जाण्याऐवजी वाडीत बघावं: विहिरीजवळ, केळीत, नारळी-पोफळीच्या पाचोळ्यात. याकडे कुणी बघत नाही, कारण सगळे समुद्र बघायला गेलेले असतात.

तीन, खोल समुद्रातले पक्षी. हे स्वतःहून किनाऱ्याला येत नाहीत, वारा आणतो. तौक्तेनंतर सूटी टर्नसारखे एरवी जमिनीवर न दिसणारे पक्षी थकून भलत्या ठिकाणी सापडले होते. त्यांच्याकडे बघताना आनंद आवरता घ्यावा, ते संकटात असतात. हापूसवाल्यांचं म्हणणं इथेही लागू आहे.

पोफळीखाली | ४.००

क्रमांक दोनबद्दल शंका. युरोप-अमेरिकेत वादळाने पक्षी उतरतात, झाडं भरून जातात, हे वाचलंय. पण तिथे समुद्र ओलांडून आलेले पक्षी पहिल्या जमिनीवर पडतात. आपल्याकडे नवरंग केरळ-श्रीलंकेकडून जमिनीवरून वर येतो. त्याला सगळीकडेच झाडं आहेत. तो कोकणच्या किनाऱ्यालाच का उतरेल? चार पक्षी दिसले की आपण लगेच सिद्धांत मांडतो.

खारफुटी | ४.१५

झाडं भरून जातात असं मी म्हटलंच नाही. एखाददुसरा उतरतो. आणि पाऊस वरून लागला तर जिथे असेल तिथेच उतरणार ना, मग तो किनारा असो की कोल्हापूर. मे महिन्यात शहरांत नवरंग खिडकीवर आपटतो, गॅलरीत दमून बसलेला सापडतो, त्या बातम्या दरवर्षी येतात. तो प्रवासातलाच असतो.

पोफळीखाली | ४.१८

मे महिन्यात. आज एप्रिल आहे.

कवडीपाटकर | ४.४०

थांबा थांबा. भांडू नका. खारफुटींचा प्रतिसाद बायकोने मोठ्याने वाचून दाखवला, नवरंगचं वर्णन केलं, तर आई म्हणाली, "पोटाला लाल, शेपूट आखूड, पंखात निळं? तो तर सकाळी न्हाणीघरामागे पाचोळा उकरत होता. मी म्हटलं कुणाचा पाळलेला आहे की काय."

बायको पायात चपला न घालता मागे पळाली आहे.

बोकोबा | ४.४१

आयडी काढून द्या म्हटलं होतं ना.

सुगरण | ४.४५

😂😂 कसलं इंटरेस्ट नाही, आईंनी सगळा धागा जिंकला. काकूंना नमस्कार सांगा.

पोफळीखाली | ४.५०

फोटो असल्याशिवाय मानणार नाही. खंड्यालाही निळे पंख असतात.

तुतारी | ४.५५

पाचोळा उकरणारा खंड्या मी अजून बघितलेला नाही. पण एक विनंती. फोनवर त्याचा आवाज लावून बोलवायला जाऊ नका. दमून उतरलेला पक्षी, त्याला दोन दिवस खायला मिळालं तर पुढे जाईल. तुम्ही प्रतिस्पर्धी असल्याचं नाटक केलंत तर तो खाणं सोडून तुमच्याशी भांडत बसेल. पायरीवर गप्प बसा. आई बसल्या होत्या तशा.

कवडीपाटकर | रात्री ८.५०

पाच वाजता पाऊस थांबला. नवरंग बायकोला अजून दिसलेला नाही, त्यामुळे घरात जरा तणाव आहे. पण संध्याकाळचं सांगतो.

दर्यावर्दींनी सांगितल्याप्रमाणे आधी खाडी. होड्यांच्या रांगेपलीकडे गाळाच्या पट्टीवर कुरवच कुरव: तपकिरी डोक्याचे, त्यातले बरेच आता विणीची पूर्ण तपकिरी टोपी चढवलेले, आणि मधेच एक दांडगा, काळ्या डोक्याचा पल्लास गल. सहाला वारा पडला म्हणून पुळणीच्या टोकाकडे गेलो. पाणी चढत होतं. आणि मग ते आले, तुतारी म्हणाले तसेच, पाण्यापुढे पळत पळत. सँड प्लोव्हर शंभरावर. त्यांच्यात कर्ल्यू सँडपायपर, काही अर्धवट रंगलेले, डागाडागांचे, आणि काही असे लाल की बायकोने माझा दंड धरला तो सोडेचना.

मग दोन गाड्या आल्या. पुळणीवरून, हेडलाईट लावून, पाण्याच्या कडेकडेने, एकाने टपातून डोकं बाहेर काढलेलं. सगळा थवा उठला. पुन्हा बसला. गाड्या वळून परत आल्या. पुन्हा उठला. तिसऱ्या फेरीला एक गाडी ओल्या वाळूत रुतली आणि मग शांतता झाली, कारण सगळे ती ढकलायला उतरले. भरती चढतच होती. शेवटी गावातला ट्रॅक्टर आला. मी मदतीला गेलो नाही, हे नमूद करतो.

सूर्य मावळायच्या आधी थव्यातले साठ-सत्तर पक्षी वेगळाच आवाज करायला लागले, सतत, चढ्या सुरात. उठले, एक चक्कर मारली, पण या वेळी उतरले नाहीत. वर वर गेले, तिरकी रांग धरली आणि उत्तरेला दिसेनासे झाले. ते निघाले का? कायमचे?

खारफुटी | रात्री ९.१०

बहुतेक हो. संध्याकाळ, चढती भरती, तो आवाज, ती उंची आणि रांग, सगळं प्रस्थानाचंच लक्षण आहे. पाठीमागून वाराही आहे. हे कित्येक वर्षं किनाऱ्यावर जाणाऱ्यांनाही सहसा बघायला मिळत नाही. मी जळतेय.

पल्लास गलही आता जायच्या बेतात असतील. सगळेच मात्र जात नाहीत. गेल्या वर्षी जन्मलेले, अजून वीण न करणारे बरेच पाणपक्षी उन्हाळाभर इथेच रेंगाळतात. जूनमध्ये एखादा मातकट प्लोव्हर दिसला तर तो आजारी आहे असं समजू नका.

तुतारी | ९.३०

गाड्यांबद्दल. पक्षी उठला म्हणजे नुसता फोटो हुकत नाही. इतके दिवस खाऊन जमवलेली चरबी प्रत्येक उड्डाणात जळते. पुळणीवर गाडी नेऊ नका असे फलक बहुतेक गावांत आहेत. त्याच पट्ट्यात कासवांची घरटीही असतात. गाडी रुतली की बातमी होते, पण रुतली नाही त्या गाड्यांचं कुणी मोजत नाही.

दर्यावर्दी | ९.४०

ट्रॅक्टरवाल्याचा मे महिन्याचा धंदा तोच आहे हो आता.

हापूसवाला | ९.५५

पक्षी निघालेले वाचून बरं वाटलं, खरंच. आमच्याकडे वीज आली. उरलेल्या आंब्याला उद्यापासून कागदी पिशव्या बांधायच्या, मजूर मिळाले तर.

कवडीपाटकर | रविवार, सकाळी ७.५०

मदत हवी आहे, लवकर. पुळणीवर भरतीच्या रेषेजवळ एक सुरय (टर्न) बसला आहे. जवळ गेलो तरी उडत नाही, पंख लोंबतायत. कावळे घिरट्या घालतायत. फोटो टाकलाय. पाठ काळपट, पोट पांढरं, कपाळावर पांढरं. काकांचा मुलगा म्हणतो पाण्यात सोडा. बायको म्हणते हात लावू नका.

खारफुटी | ७.५४

पाण्यात सोडू नका! बुडेल. पाणी-मासे काही चोचीत घालू नका. एक खोका घ्या, भोकं पाडा, खाली सुती कापड. मागून टॉवेल टाकून पंख मिटवून अलगद उचला, तोंड चोचीपासून लांब ठेवा. खोका बंद, अंधार, सावली, गोंगाट नको. मग वनखात्याला १९२६ वर फोन. ठेवून घेऊ नका, १९७२ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

तुतारी | ८.००

आणि गावातल्या कासवमित्रांना, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्यांना गाठा. आंजर्ल्यात ते असतातच, रोज पहाटे पुळणीवर फिरतात. वनखात्याचा माणूस त्यांच्या ओळखीचा असतो.

पोफळीखाली | ८.१०

फोटो पाहिला. सूटी टर्न! तौक्तेची आठवण.

तुतारी | ८.२०

सूटी नाही. नीट बघा: कपाळावरचा पांढरा रंग डोळ्यापाशी थांबत नाही, भुवईसारखा डोळ्याच्या मागे गेलाय. पाठही काळी नाही, राखी-तपकिरी आहे, आणि डोक्याच्या टोपीपेक्षा फिकी. हा ब्रायडल्ड टर्न. हे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर वीण करतात, तिथेच जिथे पाकोळ्यांची घरटी आहेत. एरवी किनाऱ्यापासून दूरच.

पोफळीखाली | ८.२६

मान्य. भुवई दिसली.

कवडीपाटकर | १०.१५

कासवमित्र दहा मिनिटांत आले, सायकलवर. खोका त्यांनी नेला. त्यांची स्वतःची धावपळ चालू होती. उशिराची काही घरटी अजून फुटायची आहेत आणि उधाणाचं पाणी हॅचरीच्या कुंपणापर्यंत आलं होतं, तर रात्रभर वाळूच्या गोण्या लावत होते. आणि सकाळी परत पुळणीवर हजर.

सुगरण | १०.३०

असल्या लोकांचं नाव कधी कुठे येत नाही. गावात काही देणगीपेटी असेल तर त्यात टाका, पुढच्या मुक्कामाचे बुडाले तसे हेही बुडाले समजा.

कवडीपाटकर | दुपारी २.४०

फोन आला. सुरय गेला. फार अशक्त होता म्हणाले.

फेरी आज संध्याकाळी चालू होईल असं वेसवीहून कळलं, पण आम्ही पुढे जात नाही. दिवेआगरच्या मालकांनी दिवस बदलून द्यायला होकार दिला, पैसे परत द्यायला नाही. बायकोला इथेच थांबायचं आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

बोकोबा | २.४५

न्हाणीघर.

कवडीपाटकर | २.५०

सकाळपासून पायरीवर बसली आहे. आई शेजारी बसून कैऱ्या चिरतेय. काकांच्या बागेत पडलेल्या. म्हणते, लोणच्याला बऱ्या आहेत, कॅनिंगला का घालायच्या.

हापूसवाला | ३.१०

आईंना सांगा, वाऱ्याने पडलेली कैरी मार लागलेली असते, लोणचं टिकत नाही. साखरांबा किंवा छुंदा करा. आणि पडलेल्याचेही काकांना पैसे द्या, नको म्हणतील तरी.

सुगरण | ३.१५

किंवा डाळ-कैरी, आजच्या आज संपेल.

नवखी_दुर्बीण | सायंकाळी ५.२०

सगळा धागा वाचला. आमचं पुढच्या शनिवारी अक्षीचं ठरलंय. पहिलीच वेळ. हवा अशीच असेल तर रद्द करावं का? लहान मुलगा बरोबर आहे. पक्षी तोपर्यंत राहतील का?

वातकुक्कुट | ५.३५

आठवडाभर आधी मी तर नाहीच, कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. गुरुवारी विचारा. अलर्ट ऑरेंज असेल आणि मुलगा लहान असेल तर जाऊ नका, एवढं आत्ताच सांगतो. यलो असेल तर जा, दुपारच्या विजांच्या वेळी खोलीत राहा.

पोफळीखाली | ५.४०

माझं मत रद्द करा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निम्मे पक्षी गेलेले असतात. भर पैशांत अर्धा मेळा कशाला बघायचा? डिसेंबरमध्ये जा.

तुतारी | ५.५०

डिसेंबरमध्ये मेळा पूर्ण पण सगळे मातकट. मूळ प्रश्न रंगाचाच होता ना? निम्मे राहिलेले जे असतील ते पूर्ण रंगलेले असतील. जा. शनिवारी कृष्ण द्वितीया येते, दोनाची पाऊणपट दीड. भर दुपारी भरती. साडेअकरापासून बसायचं म्हणजे टोपी आणि पाणी हवं, आणि मुलाला सुरूच्या सावलीत ठेवा. अक्षीला सुरूचं बन आहे, ती सोय चांगली आहे.

मालवणी_खाजा | ६.०५

कोंबडी गावली. शेजाऱ्याच्या गोठ्यात अंडां घालून बसली हा. वादळाचो फायदो शेजाऱ्याक.

कवडीपाटकर | ६.३०

दिसला!!! न्हाणीघरामागे नाही, विहिरीच्या मागे केळीत. दोन मिनिटं. बायको रडतेय आणि आई म्हणतेय, एवढं काय त्यात, उद्या परत येईल.

पोफळीखाली, फोटो हललेला आहे पण टाकतोय.

पोफळीखाली | ६.३८

नवरंगच. एप्रिलमध्ये. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंद टाका, वेळ आणि हवा दोन्ही लिहून.

नवखी_दुर्बीण | ६.५५

आम्ही जातोय मग. अजून एक विचारायचं होतं, मुलासाठी ८ बाय ४२ दुर्बीण घ्यावी की १० बाय ५०?

तुतारी | ७.००

८ बाय ४२. दहाची मुलाच्या हातात हलते आणि ५० ची गळ्याला जड होते. तुमची असेल तीच आधी वापरून बघा, नवी नंतर.

बोकोबा | ७.०४

दुर्बिणीचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे चारशे प्रतिसाद होतील. आणि कवडीपाटकर, डाळ-कैरी झाली का?